रस्त्याला एकदाच काय तो मेगाब्लॉक का देत नाहीत?

निवांत

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज सकाळी डोकं फिरल्यावर लिहायला बसलोय.

आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू आहे. लांबी जेमतेम सहाशे मीटर. रस्त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुण्यातल्या प्रत्येकाला तो आपलाच वाटेल. दसरा झाल्यावर एक बाजू खोदली आणि उरलेल्या निम्म्या रस्त्यावरून येणारे-जाणारे सगळे सोडले. आता होळी होऊन गेली. पहिली बाजू झाली, दुसरी खोदून ठेवली आहे. नव्या काँक्रीटची कड जुन्या डांबरापेक्षा वीतभर उंच. तिथे ना पट्टी, ना दिवा. मागच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या काकू त्या कडेला स्कूटरवरून घसरल्या, मनगट मोडलं. आज सकाळी पोकलेन मागे येत होता आणि त्याच्या उचललेल्या बकेटखालून शाळेची रिक्षा गेली. आत सहा-सात पोरं. वाहतूक आवरायला एक विशीतला मुलगा, हातात काठीला बांधलेलं लाल फडकं, पायात स्लिपर.

माझं म्हणणं एवढंच की महिना-दीड महिना रस्ता सरळ पूर्ण बंद करा, दिवसरात्र काम करा आणि विषय संपवा. रेल्वेवाले रविवारी मेगाब्लॉक घेतात. आपण शिव्या घालतो, पण सोमवारी लोकल धावते ना? जपानमध्ये फुकुओकाला नोव्हेंबर २०१६ मध्ये भुयारी मेट्रोच्या कामामुळे भर शहरातला पाच पदरी रस्ता खचला होता. एका आठवड्यात भरून वाहतूक सुरू केली. त्या आठवड्यात तिथे कुणी 'निम्मा तरी चालू ठेवा' म्हणून मोर्चा काढला नव्हता.

तुमचं मत काय? कुणाच्या भागात पूर्ण बंद ठेवून काम झालंय का?

तिरकस

पुण्यात 'एक महिना' हे कालमापन नसून मनोगत असतं.

सुमेधा_क

+१ तिरकस. पण निवांत, काकू बऱ्या आहेत ना आता?

निवांत

प्लास्टर आहे सहा आठवडे. त्यांच्या प्लास्टरची तारीख नक्की आहे, रस्त्याची नाही.

खडी_क्रशर

याच धंद्यात २२ वर्षं काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर स्क्रोल करा.

काँक्रीटचा रस्ता ओतायला वेळ लागत नाही. सहाशे मीटर म्हणजे पेव्हर (काँक्रीट पसरवणारं मशीन) लावला तर काही दिवसांचं काम. वेळ जातो तो आधीच्या खोदाईत, खालच्या थरांत, नळ-ड्रेनेज-केबल सरकवण्यात आणि नंतरच्या क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पिकवण्यात. काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला २८ दिवस धरतात. लवकर ताकद देणारं मिश्रण वापरलं नसेल, तर त्याआधी त्यावर गाड्या सोडू नयेत. आता हिशेब करा. रस्ता निम्मा-निम्मा केला तर पहिली बाजू पिकेपर्यंत दुसरीला हात लावता येत नाही, कारण वाहतूक तिकडेच वळवलेली असते. म्हणजे २८ अधिक २८, आणि खोदाईपासूनचं सगळं दोनदा. पूर्ण रस्ता मिळाला तर २८ एकदाच.

दुसरी गोष्ट मालाची. मिक्सरची गाडी प्लान्टवरून निघाली की दीड-दोन तासांत माल खाली व्हायला हवा. पण आम्ही केलेल्या कोंडीत आमचीच गाडी अडकते. मग ड्रायव्हर पाणी मारतो, माल पातळ होतो आणि दोन वर्षांनी तुम्ही भेगांचे फोटो टाकता. रात्री ओतायचं म्हटलं तर शेजारच्या इमारतीतून आवाजाची तक्रार येते.

तिसरी गोष्ट, मधला सांधा. दोन बाजू वेगवेगळ्या वेळी ओतल्या की मधोमध जोड येतो. त्यात टाय बार म्हणजे लोखंडी सळ्या घालतात. पहिली बाजू झाल्यावर या सळ्या वीत-दीड वीत बाहेर राहतात आणि शेजारून दुचाक्या जात असतात. त्या वाकतात, काही चोरीला जातात. रस्ता आडवा ओलांडणारी ड्रेनेजची लाईनसुद्धा दोन तुकड्यांत पडते, मग सांधा बरोबर मधोमध गळतो.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) एसपी ५५ नावाचं मार्गदर्शक पुस्तक आहे, खास काम चालू असलेल्या जागेवरच्या वाहतुकीसाठी. आधी सूचना देणारा पट्टा, मग लेन हळूहळू निमुळती करणारा पट्टा, मग काम आणि गाड्यांच्या मधला मोकळा पट्टा, असं सगळं त्यात आहे. नऊ मीटरच्या रस्त्यात निम्मं खोदल्यावर उरतात साडेचार. त्यातून बस आणि समोरून टेम्पो जायचा, तर मोकळा पट्टा कुठून आणणार? नियम पाळायचा नाही असं कुणी ठरवत नाही. त्या रुंदीत तो बसतच नाही.

त्यामुळे मत विचाराल तर रुंद रस्ता असेल तर निम्मा-निम्मा चालेल. अरुंद असेल तर पूर्ण बंद.

तिरकस

खडीसाहेब, दंडवत. 'आम्ही केलेल्या कोंडीत आमचीच गाडी अडकते' हे वाक्य फ्रेम करून लावतो.

भांडीवाला

मी मध्य पेठेतला दुकानदार. तीन पिढ्या तेच दुकान. सगळ्यांना 'बंद करा बंद करा' म्हणायला काय जातंय? रस्ता बंद झाला म्हणून दुकानाचं भाडं बंद होत नाही, पोरांचे पगार बंद होत नाहीत, बँकेचा हप्ता थांबत नाही. लग्नसराईत एक महिना दुकानासमोर खड्डा पडला तर त्या वर्षीची लग्नं काही माझ्यासाठी थांबणार नाहीत. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की परत येत नाही. तांब्याचा बंब घ्यायला कुणी खड्डा उतरून येत नाही हो.

निवांत

भांडीवाले, तुमची अडचण समजते. पण निम्मा रस्ता आठ महिने बंद असताना गिऱ्हाईक येतं का? पार्किंग नाही, धूळ आहे, कोंडी आहे. आठ महिने निम्मी विक्री बरी की दीड महिना शून्य?

भांडीवाला

हिशेब कागदावर बरोबर आहे. पण निम्म्या विक्रीत मी तग धरतो, शून्यात नाही. आणि तुमचा दीड महिना दीडच राहील याची हमी कोण देणार? तुम्ही?

पर्वतीची_पायरी

भांडीवाल्यांचा शेवटचा प्रश्न हाच खरा धागा आहे.

भिडे पूल आठवतोय ना? मेट्रोच्या डेक्कन स्थानकाकडून पेठेत येणाऱ्या पादचारी पुलासाठी २०२५ च्या एप्रिलमध्ये तो पूर्ण बंद केला. दीड महिना म्हणाले होते. जून गेला, मुदत वाढली. परत वाढली. गणपतीसाठी उघडला, विसर्जन झाल्यावर पुन्हा बंद, आणि दिवाळीच्या तोंडावर उघडला. मी रोज नारायण पेठेतून डेक्कनला जाते. नदीला पाणी आलं की भिडे पूल बंद होतो हे आम्ही लहानपणापासून पाहतोय, त्याचं काही वाटत नाही. धरणातून पाणी सोडलं की बंद, ओसरलं की चालू. नदीचं वेळापत्रक तरी कळतं.

दादरची_मावशी

पुणेकरांनो, पूर्ण बंदचं कौतुक आम्हाला सांगू नका. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. एक बाजू उघडली २६ फेब्रुवारी २०२४ ला. उघडल्यावर साऱ्या मुंबईने पाहिलं की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळत नाही! मग तो जोडायला आणखी काही महिने. दुसरी बाजू २०२५ च्या मे महिन्यात. लोअर परळचा डिलाईल पूल तर २०१८ च्या जुलैत बंद झाला आणि पूर्ण सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. मधे करोना होता, रेल्वेवर काम करायचं म्हणजे ब्लॉक मिळवावे लागतात, सगळं मान्य. पण 'पूर्ण बंद केला की झटपट होतं' हे काही आपोआप होत नाही.

हिशेबनीस

मावशींच्या मुद्द्याला पुढे नेतो. उलटंच घडतं असं माझं निरीक्षण आहे. रस्ता निम्मा चालू असतो तेव्हा रोज हॉर्न, रोज भांडणं, रोज पेपरात फोटो. त्या कटकटीने का होईना, काम हलतं. पूर्ण बंद केला की दोन आठवड्यांत लोक दुसरे रस्ते शोधतात, ओरड थांबते. ठेकेदाराकडे तीन साइट आणि एक पेव्हर. जिथे ओरड जास्त तिथे पेव्हर जातो. तुमच्या शांत, छान, पूर्ण बंद रस्त्यावर मुलं क्रिकेट खेळायला लागतात.

निवांत

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. खडीसाहेब, खरं आहे का हे?

खडी_क्रशर

खोटं कसं म्हणू. पेव्हर एकच असतो हेही खरं आणि तो कुठे जाईल हे फोन कुणाचा येतो त्यावर ठरतं हेही खरं. पण हा उशिराचा दंड कसा लावता त्याचा प्रश्न आहे. एकूण कामाची मुदत वर्षाची असेल आणि रस्ता बंद ठेवण्याला वेगळी मुदत नसेल, तर रस्ता रिकामा पडून राहिला तरी ठेकेदार कागदावर वेळेतच असतो. बंद ठेवलेल्या प्रत्येक दिवसाचं भाडं ठेकेदाराकडून घ्या, मग बघा पेव्हर कुठे जातो.

डेट्रॉईटचे_नाना

नमस्कार. माझं अर्धं आयुष्य मिशिगनमध्ये गेलं, आता मुलाकडे बाणेरला असतो. निवांतरावांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे २००२ साली मिळालं होतं. डेट्रॉईटमधला लॉज फ्रीवे दुरुस्तीसाठी सरळ पूर्ण बंद केला. भाग-भाग करून सहा महिने लागले असते ते काम दोन महिन्यांच्या आत झालं. त्यावर अमेरिकेच्या महामार्ग खात्याने इतर शहरांची उदाहरणं घेऊन अहवालही काढला. लॉस एंजेलिसचा किस्सा तर गमतीदार आहे. जुलै २०११ मध्ये एका पुलाचा निम्मा भाग पाडायला ४०५ क्रमांकाचा फ्रीवे शनिवार-रविवार बंद ठेवायचा होता. महिनाभर आधीपासून इतकी हाकाटी केली की लोक घराबाहेर पडलेच नाहीत. रस्ते ओस. काम ठरल्या वेळेच्या बरंच आधी संपलं.

मिसळ_कट्टर

नाना, आदर आहे. पण डेट्रॉईटला शेजारून दुसरे फ्रीवे जातात. सिंहगड रस्ता बंद केला तर मी कुठून जाऊ? एका बाजूला मुठा, दुसऱ्या बाजूला कालवा आणि मग डोंगर. धायरीहून स्वारगेटला यायला मी काय खडकवासल्यातून होडी सोडू?

डेट्रॉईटचे_नाना

होडीने आलात तर भिडे पुलाखालून जाताना डोकं सांभाळा.

सुमेधा_क

😂😂 नाना रॉक्स

वेताळ_टेकडी

मिसळ यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्यातच उत्तर आहे. कोणता रस्ता बंद करता येईल हे त्याच्या शेजारी काय आहे त्यावर ठरतं. पेठांमधे रस्ते जाळीसारखे आहेत. लक्ष्मी रस्ता बंद असेल तर कुमठेकर आहे, केळकर आहे. टिळक रस्त्याला शास्त्री रस्ता आहे. विद्यापीठ चौकात कुठलंही काम निघालं की गणेशखिंडीची गर्दी सेनापती बापट रस्त्याने आणि पाषाणकडून फिरते, हाल होतात पण फिरते. सिंहगड रस्ता आणि कात्रज-कोंढवा यांना पर्यायच नाही. कात्रज-कोंढव्याचं रुंदीकरण २०१८ पासून चालू आहे. रस्ता ८४ मीटरचा ठरला होता, जागा ताब्यात येईनात म्हणून ५० वर आणला. तिथे पूर्ण बंद करूनही काही झालं नसतं, कारण अडलं होतं ते जमिनीवर, डांबरावर नाही.

तेव्हा निवांतराव, जागा ताब्यात आणि खालच्या लाईन कुठे आहेत हे माहीत असल्याशिवाय रस्ता बंद करूच नये. नाहीतर खोदल्यावर कळतं की इथून कुणाची तरी केबल जाते, मग ते खातं येईपर्यंत खड्डा आणि आपण एकमेकांकडे बघत बसतो.

भांडीवाला

लक्ष्मी रस्त्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद ठेवतात. सुरुवातीला आमच्या व्यापारी मंडळींनी नाकं मुरडली, मीही त्यात होतो. पण त्या दिवशी बायका-पोरं रस्त्याच्या मधून निवांत चालत होती. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. तो दिवस आम्हाला आधीपासून माहीत असतो आणि संध्याकाळी संपतो.

बसवाली

इथे सगळे चारचाकी आणि दुचाकीवाले बोलताहेत म्हणून जरा राहवत नाही.

मी रोज दोन बस बदलून कामाला जाते. रस्ता बंद झाला की तुम्हाला गूगल मॅप वळवतं. आम्हाला कोण वळवणार? गेल्या वर्षी आमचा रस्ता असाच बंद झाला. बसचा मार्ग बदलला. बसथांब्यावर एक कागद तरी चिकटवावा? नाही. मी, एक म्हातारे आजोबा आणि कॉलेजच्या दोन मुली चाळीस मिनिटं उभ्या. शेवटी समोरचा चहावाला म्हणाला, ताई, बस चार दिवस झाले इकडून जात नाही, पलीकडच्या चौकातून जाते. पलीकडचा चौक म्हणजे सव्वा किलोमीटर. आजोबांच्या हातात भाजीच्या दोन पिशव्या. रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला कारण 'रस्ता बंद आहे, वळसा पडतो'.

मी पूर्ण बंदच्या विरोधात नाही. निम्म्या चालू रस्त्यावर बसच सगळ्यात जास्त अडकते, ते पण बघितलंय. पण रस्ता बंद करायच्या आदल्या दिवशी बसथांब्यावर बोर्ड लागला पाहिजे. गाडी कुठून मिळेल, कधीपर्यंत. एवढंच मागतेय.

सुमेधा_क

बसवाली ताई, एक नंबर. चहावाल्याला वाहतूक नियंत्रण कक्षात घ्या.

पेशवेपार्क

अवांतर, पण 'रस्ता बंद' पाट्यांचा विषय निघाला म्हणून. आमच्या गल्लीत पाईप टाकायला खोदलं तेव्हा कोपऱ्यावरच्या वाड्याने स्वतःची पाटी लावली होती: 'पुढे रस्ता बंद आहे. तरी जाऊन बघणाऱ्यांनी परत येताना आम्हाला सांगण्याची गरज नाही.'

तिरकस

आमच्याकडची: 'खड्डा खासगी नाही. तरीही डोकावू नये.'

मिसळ_कट्टर

'येथे काम चालू आहे' याखाली कुणीतरी खडूने 'पुरावा द्या' लिहिलं होतं. देवाशपथ.

शांत_सरिता

थोडं गंभीर लिहिते, पाट्यांच्या मधे येतेय त्याबद्दल क्षमस्व.

दोन वर्षांपूर्वी वडिलांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. आमची गल्ली ड्रेनेजसाठी दोन्ही टोकांनी खणली होती. पूर्ण बंद म्हणजे खरोखर पूर्ण, चालायलाही धड वाट नाही. एकदा रात्री त्यांना दम लागला. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी, माझा भाऊ आणि समोरच्या इमारतीचा वॉचमन, आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना मातीच्या ढिगाऱ्यावरून उचलून नेलं. दीडशे-दोनशे मीटर असेल, पण मला ते अंतर अजून स्वप्नात येतं. बाबा त्या रात्री वाचले. खुर्चीचा एक पाय मोडला होता, ती आईने अजून टाकलेली नाही.

त्यामुळे 'पूर्ण बंद' म्हणताना गाड्यांना बंद म्हणा. माणसांना नाही. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जातील एवढी सपाट फळ्यांची वाट राहिलीच पाहिजे.

निवांत

सरिता ताई, हे लिहिल्याबद्दल आभार. मी धागा टाकताना याचा विचार केला नव्हता, हे कबूल करतो.

खडी_क्रशर

सरिता ताईंचं अगदी बरोबर. आणि ते अवघड नाही. एका कडेला दीड मीटरची वाट, पत्रे लावून वेगळी काढायची. निम्मा रस्ता गाड्यांना देण्याऐवजी दीड मीटर माणसांना द्यायचा. आम्हालाही बरं, कारण मग माणसं पोकलेनच्या बकेटखालून जात नाहीत.

दादरची_मावशी

मेगाब्लॉकवरून आठवलं. एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्यांच्या कमानी बसवायला दुपारी १२ ते २ असे ब्लॉक घ्यायचे. आधी पेपरात, रेडिओवर. आम्ही पुण्याला येताना फूड मॉलवर बटाटेवडा खात बसायचो. २ वाजता रस्ता सुरू. एवढं जमतं की!

चांदणी_चौक_साक्षीदार

बायकोने ठेवलेलं नाव आहे, आज कामाला आलं.

१ ऑक्टोबर २०२२ ची रात्र. चांदणी चौकातला जुना पूल पाडणार होते, सहाशे किलो स्फोटकं. नोएडाचे जुळे टॉवर महिनाभर आधी पडलेले, त्यामुळे पब्लिक पेटलेलं. महामार्ग रात्री पूर्ण बंद. लांबून का होईना, दिसेल म्हणून आम्ही भूगाव रस्त्याच्या बाजूला एका मित्राच्या गच्चीवर. चटया, थर्मास, शेंगदाणे, सगळा बेत. रात्री एकच्या सुमारास धडाम. धूळ खाली बसली आणि पाहतो तर पुलाचा बराच सांगाडा जागच्या जागी! काँक्रीट उडालं होतं, सळ्यांनी धरून ठेवलं होतं. गच्चीवर एक आजोबा शांतपणे म्हणाले, 'आमच्या काळचं काम आहे ते.' मग पोकलेन भिडले आणि उरलेलं रात्रीत खाली आणलं. रविवारी सकाळी उशिरा का होईना, महामार्ग सुरू झाला.

मुद्दा असा की मुंबई-बंगळूरु महामार्ग! तो बंद ठेवायचं ठरवलं, तारीख दिली, वेळ दिली, वळवलेले मार्ग छापले, आणि काही तासांच्या फरकाने पाळलं. आमच्या गल्लीतला रस्ता मात्र पाळता येत नाही.

हिशेबनीस

कारण महामार्ग बंद ठेवला तर मंत्र्याचा फोन येतो. गल्लीला फोन नाही.

तिरकस

बाय द वे, दरवर्षी पुणं पूर्ण बंद ठेवायचा सराव आपण करतोच. पालखी येते त्या दिवशी अर्धं शहर बंद, कुणी कुरकुरत नाही, उलट चहा वाटतात. विसर्जनाला लक्ष्मी रस्ता बंद. संपण्याची वेळ मात्र विचारू नका, मिरवणूक तीस तासांच्याही वर गेलेली आहे. ठेकेदारांचं शिक्षण तिथेच झालं असावं.

मिसळ_कट्टर

धाग्यात जंगली महाराज रस्ता अजून आला नाही? तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?

पर्वतीची_पायरी

आला बघा! १९७६, रेकॉन्डो कंपनी, दहा वर्षांची हमी, तरी त्याहून कितीतरी वर्षं खड्डा नाही. दर धाग्यात यायलाच हवा, नैवेद्य दाखवल्यासारखा.

खडी_क्रशर

नैवेद्य दाखवा, पण त्यातली एक गोष्ट लोक विसरतात. हमी लेखी होती. रस्ता करणाऱ्याचं नाव आणि वर्षं कागदावर होती. आता आपल्या गल्लीच्या रस्त्याचा ठेकेदार कोण, मुदत कधीची, हे कुणी सांगू शकेल का? नियमाने तसा फलक असायला हवा. फलक असतो. वाचायला मात्र वाकावं लागतं, कारण तो खड्ड्यात पडलेला असतो.

डेट्रॉईटचे_नाना

एक प्रश्न. पुण्यात वर्षातले कुठले दिवस उरतात? ३० एप्रिलनंतर खोदाईला परवानगी देत नाहीत असं मुलगा म्हणाला, पुढे पावसाळा. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. मग लग्नं. मग परीक्षा.

हिशेबनीस

दिवाळी ते एप्रिल, पाच-साडेपाच महिने. त्यात प्रत्येक वॉर्डाला आपला निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं शहर एकदम खणलेलं दिसतं. शेजारशेजारचे तीन रस्ते एकाच वेळी. एक पूर्ण बंद असेल तर उरलेले दोन धडधाकट हवेत, हे ठरवायला कुणीतरी एका टेबलावर नकाशा पसरून बसलं पाहिजे.

वेताळ_टेकडी

सहमत. आणि वाहतूक वळवायचा आदेश पोलीस काढतात, खोदाईची परवानगी दुसरीकडून, पाईप तिसऱ्याचे, केबल चौथ्याच्या. नकाशा पसरायला टेबल आहे, चौघं एका वेळी बसत नाहीत.

भांडीवाला

मी विचार करत होतो रात्रभर. माझा विरोध थोडा मऊ झालाय. शून्य विक्रीचं भय कायम आहे. पण जर मला दोन महिने आधी सांगितलं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, दुकानासमोर चालायची वाट राहील, माल उतरवायला रात्री १० ते ६ टेम्पो येईल, आणि एक दिवस जरी उशीर झाला तर ठेकेदार आम्हाला नाही तरी निदान कुणाला तरी पैसे मोजेल, तर मी पहिला सही करीन. दुकानाला रंग द्यायचाच आहे, तेव्हाच देऊन टाकीन. लेखी पाहिजे मात्र.

सुमेधा_क

भांडीवाले काका 😊 बंबावर नाव कोरून देता तसं तारीख कोरून घ्या त्यांच्याकडून.

निवांत

बरीच चर्चा झाली. माझा मूळ प्रश्न 'पूर्ण बंद का करत नाहीत' असा होता. इथलं वाचून तो आता 'पूर्ण बंद केला तर उघडायची तारीख कोण देणार' असा झालाय. अरुंद रस्ता, शेजारी पर्याय, खालचे पाईप आधी शोधलेले, माणसांना वाट, बसथांब्यावर बोर्ड आणि लेखी तारीख एवढं असेल तर मी अजूनही पूर्ण बंदच्याच बाजूने. नसेल तर काकूंच्या मनगटासकट निम्मा रस्ता चालू राहू दे, असं नाइलाजाने म्हणावं लागतंय.

बाकी, आज सकाळी आमच्याकडे एक गंमत झाली. दुसऱ्या बाजूचं काम लवकर उरकायचं म्हणून कालपासून रस्ता खरोखरच पूर्ण बंद केलाय! सोसायटीच्या ग्रुपवर लोक मला विचारताहेत की तुम्ही कुठे काही लिहिलं होतं का.

बसवाली

अरे वा! बोर्ड लावलाय का? कधीपर्यंत?

निवांत

लावलाय. आत्ताच खाली जाऊन वाचून आलो. 'रस्त्याचे काम चालू असल्याने दि. ______ पासून दि. ______ पर्यंत रस्ता सर्व प्रकारच्या वाहनांसाठी बंद राहील.' दोन्ही जागा कोऱ्या. दुसऱ्या कोऱ्या जागेत कुणीतरी खडूने 'यावच्चंद्रदिवाकरौ' लिहून ठेवलंय.

मिसळ_कट्टर

तिरकस, तुम्ही राहता कुठे म्हणालात?

तिरकस

खडू पांढरा होता का पिवळा? पांढरा असेल तर मी नव्हे.